पेटीवर घरच्याच

घांगुर्डे काका-काकूंच्या आणि माझ्या घरामध्ये एक भिंत आहे, असं बिल्डरचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. फ्रीमाँटच्या टाउनहाउसांच्या भिंती कशाच्या करतात देव जाणे, पण पलीकडे काकांनी खाकरलं की अलीकडे मी मीटिंगमध्ये घाईघाईनं म्यूटचं बटण शोधते. एकदा ते सापडेपर्यंत काकांनी खर्ज लावला होता, आणि आमच्या व्हाइस प्रेसिडेंटनं काळजीनं विचारलं, तुझ्याकडे प्लंबिंगचं काही काम चालू आहे का? मी हो म्हटलं. खरं काय ते समजावत बसायला मला वेळ नव्हता.

प्रल्हाद घांगुर्डे हे आमच्या मराठी मंडळाचे गायक. नव्वदच्या दशकात पुण्याहून चिप कंपनीत आले, आता रिटायर झालेत, पण गाण्यातून रिटायर व्हायचं नाव नाही. गणपती, दिवाळी, पाडवा, कुणाची साठी, कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत, काका आहेतच. आवाज चांगला आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ते अंतरा विसरतात. आणि दुसरी म्हणजे, आपण अंतरा विसरतो हे त्यांना मुळीच पटत नाही.

पटणार तरी कसं? त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन नीलांबरी काकू बसलेल्या असतात ना.

पेटीची साथ म्हणजे काय ते ज्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गायक एक ओळ गातो. तिची शेपटी अजून हवेत असते तोवर पेटीवाला तीच ओळ मागोमाग वाजवतो. गायक श्वास घेतो ती फट पेटीवाला भरून काढतो. काकू हे इतकं बेमालूम करतात की काकांचा सूर जरा घसरला, तर त्या बरोबर जागचा सूर हळूच लावून ठेवतात आणि लोकांच्या कानात तोच जातो. लोकांना वाटतं, काका सुरात आहेत. काकांनाही तसंच वाटतं. अंतरा आठवेना की काका तळहात खाली करून हवेत धरतात, डोळे मिटतात आणि फार मोठ्या विचारात असल्यासारखे दिसतात. काकू अंतऱ्याचे पहिले चार सूर वाजवतात. काका डोळे उघडतात आणि जणू आकाशातून उतरल्यासारखा अंतरा गातात. लोक वा वा करतात. चार सूर कुणाचे होते, हे कुणी विचारत नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला काका साथीदारांची ओळख करून देतात. "तबल्यावर आमचे तरुण मित्र देवांग साठे. आणि पेटीवर..." इथे ते थांबतात, "पेटीवर आमच्या घरच्याच!" हॉल हसतो. मी फ्रीमाँटला आल्यापासून हा विनोद ऐकतेय आणि हॉल दरवेळी हसतो. जुन्या विनोदांच्या बाबतीत आपली माणसं फार मोठ्या मनाची असतात.

काकूंनी नोकरीही साथीचीच केली म्हणायची. त्या सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होत्या. म्हणजे दुसऱ्यानं लिहायचं आणि ते नीट चालतंय ना, हे यांनी बघायचं. रिटायर झाल्या तेव्हा ऑफिसनं केक आणला आणि त्यावर नाव चुकीचं लिहिलं. काकूंनी सुरीच्या टोकानं आयसिंग सरकवून ते दुरुस्त केलं आणि मग केक कापला.

त्यांची मुलगी अनिका तिकडे बेलव्ह्यूला असते. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत. काकूंच्या वाढदिवसाला तिनं फोनवर जाहीर केलं, "आई, यू नीड समथिंग दॅट्स जस्ट युअर्स." आणि कम्युनिटी कॉलेजात त्यांचं नाव घालून टाकलं. जॅझ कॉम्बो, म्हणजे चार जणांनी मिळून वाजवायचं. शनिवार सकाळ, पियानो. खरं तर तिला आईला मातीची भांडी करायला पाठवायचं होतं, पण तो क्लास भरला होता.

कॉलेज फ्रीवेनं दोन एक्झिट पलीकडे. काकू सिग्नल असलेल्या रस्त्यावर उत्तम गाडी चालवतात, पण फ्रीवे म्हटलं की त्यांचे हात गार पडतात. काकांचा शनिवार रियाजाचा. राहिले मी. नवीन राहायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "काही लागलं तर नक्की सांगा हं." अमेरिकेत हे वाक्य सगळेच म्हणतात. ते खरं मानणाऱ्या मला इथे काकूच काय त्या भेटल्या.

तेव्हा शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन वर्गाच्या मागच्या खुर्चीत. शिकवणारी रेनी, पन्नाशीची, बारीक चणीची, आणि स्वतःच्या उंचीपेक्षा मोठा डबल बास, म्हणजे व्हायोलिनचा आजोबा, मिठी मारून वाजवणारी. ड्रमवर एक अबोल डेंटिस्ट. आणि सॅक्सोफोनवर कर्टिस. ओकलंडमध्ये आयुष्यभर सिटी बस चालवून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट आणि चेहऱ्यावर ‘उशीर कुणी केला’ असा कायमचा भाव. जॅझ म्हणजे भरधाव वेगाचं बीबॉप आणि बीबॉप म्हणजे सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर, बाकी सगळं दुकानात वाजवायचं संगीत, असं त्याचं स्वच्छ मत. मला अशी मतं असलेली माणसं आवडतात.

काकूंनी दाराशी चपला काढल्या, पियानोला नमस्कार केला आणि बसल्या. रेनी म्हणाली, बी फ्लॅटमध्ये घेऊ या. काकूंनी मान मागे वळवून मला विचारलं, "काळी पाच ना गं?" मला कुठलं माहीत! पण निघाली काळी पाचच.

उजवा हात झकास चालला. प्रश्न डाव्याचा होता. पेटीवाल्याचा डावा हात भाता मारतो. आख्ख्या आयुष्यात काकूंच्या डाव्या हातानं दुसरं काही केलेलं नव्हतं. आता पियानोला भाता नाही. तर तो हात रिकामा बसायला तयार होईना. उजवा हात सूर वाजवतोय आणि डावा हवेत उघड-मीट, उघड-मीट, अदृश्य भाता मारतोय. डेंटिस्टनं ड्रम थांबवले. रेनी मात्र खूश झाली. म्हणाली, अगदी असंच करत राहा, फक्त हात खाली येईल तेव्हा दोन-तीन पट्ट्या एकदम दाब, कॉर्ड म्हणतात ती हीच. मग तिनं बड पॉवेलबद्दल सांगितलं. त्याच्या आधीचे पियानोवाले डाव्या हातानं सतत ठेका धरत. यानं उजव्या हाताला सॅक्सोफोनसारखं मोकळं पळू दिलं आणि डाव्या हातानं मध्येच कुठेतरी एखादी कॉर्ड टाकून द्यायची, बस. काकूंनी भाता मारता मारता पट्ट्या दाबल्या. मधूनच, अडनिड्या जागी. रेनी हसली, आणि कर्टिसनं पहिल्यांदाच हॅट जरा मागे सरकवली.

इथवर सगळं गोड होतं. मग कर्टिसचा सोलो आला.

त्यानं डोळे मिटून एक लांब ओळ वाजवली. काकूंनी ती मागोमाग वाजवली. त्यानं दुसरी वाजवली. काकूंनी दुसरी. तो एक डोळा उघडून वाजवू लागला. त्यानं मुद्दाम वेडीवाकडी, भराभर उतरणारी ओळ घेतली. काकूंच्या चेहऱ्यावर आनंद फुलला, कारण गायक रंगात आला की साथीदाराला हुरूप येतोच, आणि त्यांनी तीही जशीच्या तशी उतरवली. कर्टिसनं तोंडातून सॅक्सोफोन काढला.

"रेनी," तो म्हणाला, "ही बाई माझी नक्कल करतेय का?"

काकूंना काही कळेना. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, साथ नको का करायला? तो एकटाच वाजवतोय बिचारा!"

मी भाषांतर केलं. बिचारा हा शब्द गाळला. रेनीनं समजावलं की इथे एक जण बोलत असताना दुसऱ्यानं त्याचंच वाक्य म्हणायचं नाही. त्याच्या खाली कॉर्ड टाकायच्या आणि वाट बघायची. मग तुझी पाळी येईल, तेव्हा गाण्याचं एक पूर्ण आवर्तन तुझं. त्यात तुला हवं ते वाजव. काकूंनी मान डोलावली. पुढच्या वेळी कर्टिस वाजवत असताना त्या ओठ घट्ट मिटून बसल्या, मधूनच भाता मारत राहिल्या, आणि मग रेनीनं त्यांच्याकडे बोट केलं. तुझी पाळी.

काकूंनी कर्टिसचा आख्खा सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवला. एकदाच ऐकलेला! मध्ये एका जागी त्याचा सूर घसरला होता, तेवढा दुरुस्त करून.

आता कोणाही माणसाला या स्मरणशक्तीचं कौतुक वाटायला हवं. कर्टिस उभा राहिला. "ती चूक नव्हती," तो म्हणाला. "तो सूर मी मुद्दाम लावला होता. गेली चाळीस वर्षं मी तो सूर लावतोय!" मग जरा शांत झाला आणि काकूंच्या समोर येऊन म्हणाला, "मिस नीला, हे माझं होतं. तुमचं कुठंय?"

परत येताना काकूंनी गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाल्या, "माझं काय असतं गं, आसावरी? आधी कुणीतरी गातं, मग मी वाजवते. मी स्वतःहून सुरुवात अशी कधी केलीच नाहीये." हे त्या रडत वगैरे म्हणाल्या नाहीत. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून पुढच्या टेस्लाला मी विनाकारण हॉर्न दिला.

आठवडे जात राहिले. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी वर्गाचा कॉन्सर्ट होता, आणि रेनीचा नियम साधा होता. ज्याचा स्वतःचा सोलो तयार होईल त्यालाच सोलो. नाही झाला तर मागे कॉर्ड टाकायच्या. काकूंनी हे फार मनावर घेतलं. मी त्यांना कशासाठीही हट्ट करताना कधी पाहिलं नव्हतं. हा केला.

त्यांना ते संगीत समजत नव्हतं असं मुळीच नाही. उलट फार लवकर समजलं. एकदा रेनी सांगत होती की न्यूयॉर्कमध्ये पार्कर, गिलेस्पी वगैरे मंडळींनी काय केलं, तर लोकांना पाठ असलेल्या जुन्या गाण्यांचा सांगाडा तसाच ठेवला आणि त्यावर नवीन, भन्नाट वेगाची चाल बांधली. ऐकणाऱ्याला ओळखीचंही वाटतं आणि ओळख पटतही नाही. काकू म्हणाल्या, "म्हणजे आमचं नाट्यसंगीत. जुनी बंदिश उचलायची आणि तिच्यावर नवीन पद चढवायचं. आमच्याकडे हे शंभर वर्षांपूर्वीच झालंय." हे इतक्या ठामपणे म्हणाल्या की कर्टिसनं, अमेरिकेच्या वतीनं, जरा विचार करून मान हलवली.

पुढच्या शनिवारी मेरी लू विल्यम्सची गोष्ट निघाली. पियानो वाजवणारी मोठी बाई. हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, पॉवेल, गिलेस्पी असे सगळे तरुण वादक जमायचे, तिला नवं काही वाजवून दाखवायचे, तिचं ऐकायचे. रेनी भारावून बोलत होती. काकूंनी हात वर केला. "चहा कोण करायचं?"

हा प्रश्न रेनीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. काकू मला हळूच म्हणाल्या, "करायची असेल तिचीच ती. पण वाजवायचीसुद्धा ना!" आणि त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्या मेरी लूविषयीच बोलत होत्या, जणू सदाशिव पेठेत दोन घरं सोडून राहायची.

पण पाळी आली की बोटं थबकायची. किंवा कर्टिसचं काहीतरी निघायचं. किंवा काकांची एखादी तान.

काकांना पत्नीच्या या नव्या नादाचा राग होता, असं म्हणता येणार नाही. त्यांना तो राग यावा इतकं त्यांनी त्याकडे लक्षच दिलेलं नव्हतं. त्यांचं लक्ष दिवाळी पहाटेकडे होतं. आमच्याकडे दिवाळी हॉल मिळेल तेव्हा असते आणि पहाट सकाळी दहाला. या वर्षी हॉल मिळाला तो काकूंच्या कॉन्सर्टच्या आधीच्या रविवारी. तालमीला काकू शनिवारी नसतात हे काकांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी चौकशी केली. सोलोची अडचण ऐकली. आणि मग एकदम उदार झाले.

"हात्तिच्या, एवढंच ना? मी सांगतो, तू वाजव!"

तो आठवडा मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांच्या ताना, मग काकूंची पेटी, मग काकांचं "नाही नाही, परत!" काकांनी जॅझ म्हणून जे काही कल्पिलं होतं ते शेवटी यमनच होतं, फक्त घाईत. काकूंनी सगळं पाठ केलं. काका खरंच मनापासून करत होते, हेही सांगायला हवं. बायकोला सोलो मिळावा म्हणून त्यांनी आपला गळा बसवून घेतला. फक्त तो सोलो तिचा असावा, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

कॉलेजातल्या शेवटच्या तालमीला काकूंनी तो वाजवला. अचूक, एक सूर इकडेतिकडे नाही. संपल्यावर डेंटिस्टनंसुद्धा टाळी वाजवली. कर्टिस मात्र मान तिरपी करून ऐकत होता.

"हा गाणारा कोण आहे?" त्यानं विचारलं.

काकू चपापल्या.

"इथे तो श्वास घेतो. आणि इथे. आणि इथे जास्तच. वय झालंय त्याचं." कर्टिस आवाज चढवून बोलत नव्हता. "मिस नीला, पियानोला श्वास लागत नाही. हे एका पुरुषाचं गाणं आहे. तुमचं नाही."

रेनीनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, येत्या शनिवारी कॉन्सर्टला तू कॉर्ड टाक, त्या फार सुंदर टाकतेस. सोलो कर्टिस दोन घेईल. पुढच्या सेमिस्टरला बघू. काकू "ओके, ओके, नो प्रॉब्लेम" म्हणाल्या आणि हसल्या. पंगतीत शेवटी बसलेल्या बाईला जिलबी संपली म्हणून सांगितल्यावर ती हसते ना, तसं. मला रेनीचा राग आला, कर्टिसचा आला, काकांचा तर फारच आला. कर्टिस बरोबर बोलत होता, म्हणून त्याचा जरा कमी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पहाट झाली. शाळेचा हॉल, ट्यूबलाइटखाली आकाशकंदील, दाराशी अत्तराचा फाया, मागे चिवड्याचे डबे. काका मोतिया रंगाच्या झब्ब्यात, कानात भिकबाळी, जी एरवी बँकेच्या लॉकरमध्ये असते. तबल्यावर देवांग साठे. तो तिशीचा आहे, क्युपर्टिनोत नोकरी करतो आणि काकांच्या कुठल्याही तानेवर "क्या बात" म्हणतो. पेटीवर घरच्याच. हॉल हसला.

कार्यक्रम छान चालला होता. शेवटाकडे काकांनी एक भारदस्त नाट्यपद काढलं. मुखडा रंगला, टाळ्या आल्या, आणि काकांचा तळहात खाली होऊन हवेत स्थिरावला. डोळे मिटले. मी ओळखलं की अंतरा गेला.

काकूंनी चार सूर दिले. काका विचारमग्न. देवांगचा ठेका चालूच. काकूंनी परत चार सूर दिले, जरा जोरात. काकांचा हात तसाच, डोळे मिटलेलेच. या वेळी अंतरा नुसता लपला नव्हता, पार हरवला होता. मी खुर्चीच्या टोकाशी सरकले. कितीही वैताग आणला तरी माणूस आपल्या भिंतीपलीकडचा असतो.

काकूंनी तिसऱ्यांदा सूर दिले नाहीत. त्या थांबल्या.

पेटी गप्प. नुसता तबला. पुढच्या रांगेतल्या कमिटीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बहुतेकांना वाटलं असणार की पेटी बिघडली. मग काकूंचा डावा हात हलला. एकदा, तोही ठेक्याच्या मध्येच, जिथे आपला कुणी पेटीवाला भाता मारणार नाही अशा जागी. उजव्या हातानं दोन सूर टाकले आणि पुन्हा गप्प. देवांगनं मान वर केली. पुन्हा दोन सूर, वेगळे. आणि मग त्या सुटल्या.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण इतके शनिवार मागच्या खुर्चीत बसून एवढं कळत होतं की खाली पद तेच होतं, सम तिथेच येत होती, आणि वर जे चाललं होतं ते पद नव्हतं. ते काकांचं नव्हतं, कारण त्यात श्वासाला जागाच नव्हती. एक ओळ सुरू झाली ती संपेचना, वळली, परत वळली, सम आली तरी तिथे थांबली नाही. मध्ये त्यांनी एक सूर असा लावला की समोरच्या आजोबांचा चेहरा आंबट झाला. काकूंनी तो पुन्हा लावला. मुद्दाम. देवांग आधी घाबरला होता, आता दात काढून हसत होता आणि ठेका सोडून त्यांच्याशी भांडल्यासारखा वाजवत होता. "क्या बात" म्हणायचंही विसरला. आंबट चेहऱ्याच्या आजोबांनीच पहिली "वा!" दिली. मग हॉलभर टाळ्या झाल्या, गाणं चालू असताना, पेटीला. मीही वाजवत होते आणि माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसले नाहीत.

टाळ्या ओसरेपर्यंत काकूंनी वाट पाहिली. मग काकांकडे बघून चार सूर दिले. काकांना अंतरा मिळाला. त्यांनी तो गायला, चांगला गायला, भैरवी झाली, प्रसादाचा चिवडा झाला.

कलाकारांची खोली म्हणजे बालवाडीचा वर्ग होता. मी शाल आणि पेटी आवरायला आत गेले, तेव्हा काका एका इवल्याशा लाल खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. काकू पेटीचा भाता बंद करत होत्या. चिवडा घेऊन येणारे जाणारे दारातून डोकावून म्हणत होते, "काकू, काय वाजवलंत!" काकांनी एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या दिशेनं जाताना पाहिलं नव्हतं.

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, "मध्ये काय वाजवलंस ते?"

"माझं," काकू म्हणाल्या.

आता भांडण होणार म्हणून मी शाल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालू लागले. जाणं शोभलं असतं, पण मला जायचं नव्हतं. काकांनी भिकबाळी काढली, हातात धरली, परत कानात घालायला गेले आणि तिथेच थांबले.

"परत वाजव बघू," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला नीट ऐकूच आलं नाही गं. मी अंतरा शोधत होतो."

आपण काहीतरी शोधत होतो, हे ते पहिल्यांदाच म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या पेटी उघडतील. एवढी वर्षं काकांनी मागितलेला प्रत्येक सूर त्यांनी दिला होता. त्यांचा हात पेटीकडे गेलाही, आणि त्यांनी कडी लावून टाकली.

"परत तसंच नाही येणार," त्या म्हणाल्या. "ते झालं. शनिवारी कॉलेजात या, तिथे दुसरं ऐकवते." मग माझ्याकडे वळल्या. "आसावरी, रेनीला मेसेज कर. सोलो मी घेणार म्हणावं. कर्टिसनं एकच घ्यावा."

मी तिथल्या तिथे फोन काढला. काका त्या लाल खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते आणि ते जमत नव्हतं. शेवटी मी हात दिला. उभे राहिल्यावर त्यांनी झब्बा सारखा केला, घसा साफ केला आणि मला विचारलं, "शनिवारी तुझ्या गाडीत जागा आहे का गं?"

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी उत्तर दिलं.

"आहे. मागच्या सीटवर."